पंधराशे रुपये, पगारवाढ आणि मावशींचे मत

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

‘आम्ही नाशिकला राहतो. मी महाविद्यालयात शिकवते, यजमान अंबडच्या एका कारखान्यात अभियंता आहेत. आमच्याकडे अकरा वर्षे काम करणाऱ्या मावशींना ‘लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा पंधराशे रुपये मिळतात. ही योजना म्हणजे सरकारी पैशाने केलेली मतखरेदी आहे, असे मी गेल्या वर्षभर सर्वत्र बोलत आले. मावशींनी विधानसभेला सत्ताधाऱ्यांना मत दिल्याचे त्यांनीच सहज सांगितले, तेव्हा मला राग आला आणि त्या रागाची नंतर लाजही वाटली. आता त्यांचे ई-केवायसी (आधारवरून होणारी ओळख-पडताळणी) अडले आहे. पती किंवा वडील यांचे आधार लागते. नवरा नऊ वर्षांपूर्वी सोडून गेला, वडील वारले. सेवा केंद्रातला मुलगा म्हणतो, भावाचे आधार ‘पती’च्या रकान्यात टाकून बघू. त्या माझ्याकडे मदत मागत आहेत. जिच्यावर मी टीका करते त्याच योजनेसाठी खटपट करणे हा दुटप्पीपणा नाही का? घरात रोज वाद होतात. यजमान ‘रेवड्या’ म्हणतात, न्यू जर्सीचे दीर फुकट वाटपाने व्हेनेझुएला कसा बुडाला याचे व्हिडिओ कौटुंबिक ग्रुपवर पाठवतात. मावशींनी दिवाळीला पाचशे रुपये वाढ मागितली, तर यजमान म्हणाले, आता सरकार देतेच आहे की पंधराशे. मी गप्प बसले. यजमानांना काय उत्तर द्यावे आणि मावशींशी मताबद्दल बोलावे का?’

सप्रेम नमस्कार,

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांपैकी पूर्णपणे तुमच्या हातात असलेला प्रश्न एकच आहे आणि तो तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावा तसा लिहिला आहे. तो पगारवाढीचा. राज्याची तिजोरी, निवडणुका, व्हेनेझुएला हे सारे त्यानंतर पाहू.

यजमानांच्या वाक्याचा नीट अर्थ लावला, तर तो असा होतो की सरकारने मावशींना दिलेल्या पंधराशे रुपयांपैकी पाचशे रुपये तुमच्या घरात राहावेत. ज्या कुटुंबात कोणी प्राप्तिकर भरतो किंवा ज्याच्या दारात चारचाकी उभी असते, त्या कुटुंबातील स्त्रीला या योजनेचा लाभ घेता येत नाही. तुमच्या घरी या दोन्ही गोष्टी असतील असे मी गृहीत धरते. २०२५ मध्ये सुमारे १४ हजार पुरुषांनी या योजनेचे पैसे उचलल्याची बातमी आली, तेव्हा यजमानही संतापले असतील. पण मावशींची वाढ रोखून ते स्वतःच त्या यादीत जाऊन बसत आहेत, तेही अर्ज न भरता आणि आधार न जोडता. हे त्यांना हसत सांगता आले तर सांगा, मात्र सांगितल्यावाचून राहू नका.

ते हसण्यावारी नेणार नसतील, तर त्यांना २०२५च्या फेब्रुवारीची आठवण द्या. १ फेब्रुवारीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा प्राप्तिकर शून्यावर आला आणि सरकारने सुमारे एक लाख कोटींचे उत्पन्न त्यासाठी सोडले. चार दिवसांनी, ५ फेब्रुवारीला, दिल्लीत विधानसभेचे मतदान होते. नोकरदार मध्यमवर्गाने भरलेल्या त्या शहरातल्या मतदानाच्या तोंडावर मिळालेल्या या सवलतीला कोणी रेवडी म्हटल्याचे निदान माझ्या कानावर आले नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर पेढ्यांची चित्रे फिरत होती. आता समजा, एप्रिलमध्ये यजमानांच्या साहेबांनी त्यांना बोलावून सांगितले असते की सरकारने तुमचा कर वाचवलाच आहे, तेव्हा यंदा इन्क्रिमेंट नाही, तर त्यांनी काय म्हटले असते? पगार आणि सरकारकडून मिळणारा लाभ या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी साहेबांना तावातावाने समजावले असते. मावशींना तसे कोणा साहेबांपुढे म्हणता येत नाही. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ मध्ये कायदा झाला आणि कल्याण मंडळही आले, परंतु भांडी आणि पोळ्यांचा दर आजही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहूनच ठरतो आणि तो ठरवताना एक बाजू नेहमी ओल्या हातांनी, अर्धवट अवघडून बोलत असते.

आता रेवडीविषयी. वाद जिंकण्यासाठी नव्हे, पण यजमानांना एक जुनी गोष्ट कळावी म्हणून त्यांची पगारपत्रिका समोर ठेवा. तिच्यात ‘पी.टी.’ या नावाने दर महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतील. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो प्रामुख्याने रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसे खडी फोडायला उन्हात बसली होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून ही योजना वाढत गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराने दरमहा थोडे द्यावे आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला मागेल तेव्हा काम मिळावे, हा व्यवहार या राज्याने आपणहोऊन स्वीकारला. पुढे २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तोही याच अनुभवावर. म्हणजे यजमान नोकरीला लागल्यापासून दुसऱ्याच्या चुलीसाठी काही देत आलेच आहेत आणि त्याचा त्यांना कधी राग आलेला नाही, कदाचित ती दोन अक्षरे कशाची हे कधी कोणी सांगितलेच नसल्यामुळे.

मात्र रोजगार हमी आणि लाडकी बहीण यांत जो फरक आहे, तो तुमच्या अस्वस्थतेच्या मुळाशी आहे असे मला वाटते आणि त्यावर थोडे थांबायला हवे. रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने केला. त्यात मजुराने काम मागितले की ते देण्याचे बंधन सरकारवर आले आणि काम देता आले नाही तर बेकारी भत्त्याची तरतूद झाली, ती रक्कम भले नाममात्र असो. लाडकी बहीण योजना २८ जून २०२४ रोजी राज्याच्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि शासन निर्णयाने सुरू झाली. अटी बदलल्या त्याही शासन निर्णयानेच. तिचा सोहळा पुण्यात बालेवाडीला झाला तो १७ ऑगस्टला, राखीपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. नेत्यांचे मनगट ते कोपर राख्यांनी भरलेले हात आपण सगळ्यांनीच पाहिले. विधानसभेची आचारसंहिता लागण्याआधी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचे हप्ते एकदमच खात्यांवर आले. त्याच प्रचारात एका खासदारांनी जाहीर सभेत म्हटले की आमचे पैसे घेऊन विरोधकांच्या मिरवणुकीत दिसणाऱ्या बायकांचे फोटो काढून आणा. त्यांनी नंतर माफी मागितली, पण ‘आमचे पैसे’ हा शब्दप्रयोग चुकून तोंडातून निसटला असे मानणे मला जड जाते, कारण योजनेच्या नावातच तो दडलेला आहे.

आपल्याकडे भाऊ बहिणीला ओवाळणी देतो. ओवाळणी किती घालायची आणि पुढच्या वर्षी घालायची की नाही, हे भाऊ ठरवतो. बहिणीने तबकातले पैसे मोजायचे नसतात. याच नात्याचा दुसरा कागद आपल्या तलाठ्यांच्या दप्तरात सापडतो, तो हक्कसोडपत्राचा. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हिस्सा देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये, म्हणजे देशाने २००५ मध्ये केली त्याच्या अकरा वर्षे आधी केली. तरीही घरोघरी बहिणी सही करून हिस्सा सोडतात, साडीचोळी घेतात आणि त्या सहीपुरत्या माहेरच्या लाडक्या राहतात. जी सही करत नाही तिला कोणी लाडकी म्हणत नाही, तिला ‘वाटणी मागायला आली’ म्हणतात. माझी स्वतःची आत्या अशीच वाटणी मागून बसली आणि आमच्या घराच्या लग्नपत्रिकांवरून तिचे नाव पंधरा वर्षे नाहीसे झाले. तेव्हापासून ‘लाडकी’ या शब्दाभोवती मला स्टँप पेपरचा वास येतो. सरकारने नागरिक स्त्रीला बहीण म्हणावे यात माझा आक्षेप आहे तो एवढाच की बहिणीने हिशेब विचारू नये, अशी अपेक्षा त्या नात्याबरोबर आपोआप येते. दरमहा एकवीसशे देण्याचे आश्वासन निवडणुकीत दिले गेले, ते २०२५ सालात तरी खात्यात उतरले नाही. २०२५ मध्ये पडताळणीत सव्वीस लाखांवर लाभार्थी अपात्र असल्याची शंका घेऊन हप्ते थांबवले गेले. त्यांतल्या पुष्कळ खरोखर अपात्र असतील. पण निवडणुकीआधी पडताळणी का झाली नाही, हे विचारण्याचा हक्क ज्यांचे हप्ते थांबले त्या स्त्रियांनाही आहे.

यजमानांचे एक म्हणणे मात्र तुम्ही मान्य करायला हवे, कारण ते खरे आहे. या योजनेसाठी २०२५-२६ या वर्षात ३६ हजार कोटींची तरतूद होती आणि राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता. शंभरातले पाच रुपये एकाच योजनेला जात असतील, तर ते कोठून तरी कमी होणारच. आपल्या खात्याचा निधी या योजनेकडे वळवल्याची जाहीर तक्रार २०२५ मध्ये खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनीच केली होती. अनुसूचित जाती-जमातींसाठी राखलेला पैसा वळवून बहिणींचा लाड पुरवणे हे कोणत्याही न्यायाच्या कल्पनेत बसत नाही. मी योजनेची समर्थक असते तरी हेच म्हटले असते.

दिरांसाठी फार शाई खर्च करू नये. त्यांच्या देशात २०२० आणि २०२१ मध्ये ठरावीक उत्पन्नाच्या आतील लोकांना सरकारने बाराशे, सहाशे आणि चौदाशे डॉलर असे तीनदा पाठवले होते आणि पहिल्या वेळी कागदी धनादेशांवर अध्यक्षांचे नावही छापून घेतले होते. न्यू जर्सीचे त्यानंतर व्हेनेझुएला झाले का, एवढेच विनम्रपणे विचारा.

आता मावशींचे मत. तुमच्या रागाची तुम्हाला लाज वाटली, हे वाचून मला बरे वाटले, कारण आपल्या वर्तुळातल्या पुष्कळांना तीही वाटली नाही. २३ नोव्हेंबर २०२४ च्या दुपारपासून कितीतरी सुशिक्षित, समतेवर व्याख्याने देणाऱ्या माणसांकडून मी ‘पंधराशेला विकल्या गेल्या’ हे वाक्य ऐकले. हिशेबाने पाहिले तरी ते टिकत नाही. विरोधी आघाडीने त्याच निवडणुकीत महिना तीन हजारांचे आश्वासन दिले होते. मत विकायलाच काढले असते, तर मावशींनी दुप्पट बोली सोडून दिली नसती. त्यांनी पाच महिन्यांचे मिळून खात्यावर प्रत्यक्ष जमा झालेल्या साडेसात हजारांवर विश्वास ठेवला आणि जे फक्त जाहीरनाम्यात होते त्यावर ठेवला नाही. मी त्या पक्षांना मत दिले नाही, पुढेही देईन असे वाटत नाही. पण मावशींच्या या निर्णयात मला तर्काची चूक काढता येत नाही. चूक आपलीच होती. योजना आली तेव्हा आपण तिला भीक म्हटले आणि काही महिन्यांनी तीच भीक दुप्पट करून देऊ असे आपल्याच पसंतीच्या पक्षांनी सांगितले. एखादी स्त्री आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावच्या खात्यातून, कोणालाही न विचारता, पैसे काढते तेव्हा तिला काय वाटत असेल, हे विचारायला आपल्यापैकी कोणी गेले नाही.

तेव्हा त्यांच्याशी मताबद्दल बोलावे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे की तुम्ही होऊन विचारू नये. मतदान गुप्त असते ते अशा नात्यांसाठीच, जिथे एकाचा पगार दुसऱ्याच्या हातात असतो. मावशींनी आपणहोऊन सांगितले हा त्यांचा विश्वास. त्याच्या आधारावर आता पुढच्या निवडणुकीत त्यांना मार्गदर्शन करण्याचा अधिकार तुम्हाला मिळाला असे समजू नका. त्यांनी विषय काढला तर अवश्य बोला, तुमचे मत आडपडदा न ठेवता सांगा, निधी कुठून वळवला तेही सांगा आणि त्यांचेही ऐका. पण ई-केवायसीच्या खटपटीच्या वेळी नको. मदत आणि उपदेश एकाच रिक्षातून गेले की मदतीचे भाडे वसूल केल्यासारखे होते.

ई-केवायसीसाठी धावपळ करणे दुटप्पीपणाचे नाही. योजनेचे धोरण चुकीचे आहे असे तुम्हाला वाटते आणि त्या धोरणानुसार मावशी पात्र आहेत, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. अनुदानित गॅस वापरूनही अनुदानाच्या धोरणावर टीका करता येते. उलट मावशींसारख्या स्त्रीचे अडणे हा उदारमतवादी माणसाने हातात घ्यावा असाच प्रश्न आहे. योजनेच्या मूळ शासन निर्णयात विवाहित, विधवा, घटस्फोटित यांच्याबरोबर ‘परित्यक्ता’ हा शब्द स्पष्टपणे लिहिलेला आहे. मग संगणकाच्या पडद्यावर आधी अर्जदार स्त्रीचे आधार आणि नंतर पतीचे किंवा वडिलांचे आधार मागितले गेले, म्हणजे कागदाने जिला आत घेतले तिला पडद्याने दारात उभे केले. टाकलेल्या बायकांना पुरुषाच्या नावाखेरीज सरकारदरबारी अस्तित्व असावे, म्हणून याच महाराष्ट्रात चळवळ झाली आहे. १९८८ मध्ये संगमनेरला परित्यक्तांची परिषद भरली होती आणि रेशनकार्ड स्त्रीच्या स्वतःच्या नावाने मिळावे अशा अगदी साध्या गोष्टींसाठी बायकांनी तहसील कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. सदतीस वर्षांनी, २०२५ मध्ये, ओटीपी पुन्हा नवऱ्याच्याच मोबाइलवर जाऊ लागला.

भावाचे आधार पतीच्या रकान्यात टाकण्याचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. ती खोटी माहिती ठरेल, पुढच्या पडताळणीत सापडेल आणि तेव्हा सेवा केंद्रातला मुलगा तिथे नसेल. ई-केवायसीची मुदत ३१ डिसेंबर २०२५पर्यंत वाढवताना सरकारने एवढे मान्य केले होते की ज्यांचे पती व वडील हयात नाहीत किंवा ज्यांचा घटस्फोट झाला आहे, त्यांनी स्वतःची ई-केवायसी करावी आणि मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचे प्रमाणपत्र किंवा न्यायालयाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा. मावशींची पंचाईत अशी की नवरा आहेही आणि नाहीही, त्यामुळे त्याचा दाखला कोणत्याच कचेरीत मिळत नाही. तरीही वाट हीच आहे. वडिलांच्या मृत्यूचा दाखला काढा. रेशनकार्ड त्यांच्या नावाने असेल तर ते घ्या. पोटगीसाठी कधी न्यायालयात गेल्या असतील, तर त्या अर्जाची किंवा आदेशाची प्रत शोधा. नऊ वर्षांपूर्वी पोलीस ठाण्यात तक्रार दिली असेल तर तीही उपयोगी पडेल. नवरा केव्हापासून सोबत राहत नाही, हे तारखेनिशी सांगणारे स्वयंघोषणापत्र त्यांच्या सहीने जोडा. हे सगळे एका साध्या अर्जासह अंगणवाडी सेविकेकडे द्या आणि दुसरी प्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात नेऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नका. अर्ज मराठीत, तुमच्या हस्ताक्षरात चालेल, पण मजकूर मावशींना वाचून दाखवा आणि एखादे वाक्य त्यांना नको असेल तर ते खोडा, विशेषतः नवऱ्याविषयीचे. सेविकेवर चिडू नका. तिच्यावर असली दहा कामे लादलेली आहेत.

पगारवाढीचे मावशींना तुम्हीच सांगा, यजमानांकडून ‘बरं, देऊन टाक’ असे येण्याची वाट पाहू नका. गेली दोन-तीन वर्षे वाढ झाली नसेल, तर ती आमच्याच लक्षात राहायला हवी होती, एवढे एक वाक्य पुरेसे आहे. वाढ त्यांनी मागितली त्या महिन्यापासून द्या आणि दिवाळीची भेट म्हणून वेगळे काही दिले असेल तर ते यात वळते करू नका. दरवर्षी कोणत्या महिन्यात वाढ व्हायची, हे त्याच बैठकीत ठरवून कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी त्यांना पुन्हा दारात उभे राहून विचारावे लागणार नाही.

अंगणवाडी आणि कचेरी या दोन्ही ठिकाणी कामाच्या वेळेतच जावे लागेल, तेव्हा एक दिवस तुम्ही रजा टाका आणि मावशींबरोबर जा. घरातली भांडी त्या दिवशी यजमान घासतील, असे आदल्या रात्रीच ठरवून घ्या. मावशींचा त्या दिवशीचा खाडा धरू नका.